पदवीनंतर डॉक्टर होता येतं का, आणि त्याचे पैसे कोण भरतं?

मी बडोद्यात एका बँकेत शिक्षणकर्जाच्या फायली बघते. बारावीनंतर एमबीबीएसला लागलेल्या मुलांचे अर्ज दरवर्षी येतातच. पण अलीकडे आणखी एक प्रश्न वरचेवर कानावर येतो, आणि तो विचारणारी मुलं जरा मोठी असतात, एकवीस-बावीसची. कोणी मायक्रोबायोलॉजीत बीएस्सी केलेलं, कोणी फिजिओथेरपी, एखादा इंजिनीअरसुद्धा. बारावीला नीट या मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेत जमलं नाही म्हणून दुसरीकडे गेली, पण डॉक्टर व्हायचं मनातून गेलं नाही. परदेशात पदवीधरांसाठी चार वर्षांचा वेगळा मेडिकल कोर्स असतो असं त्यांनी कुठेतरी वाचलेलं असतं. मग विचारतात, असं खरंच असतं का, किती लागतात, आणि कर्ज मिळेल का?

कोर्स खरंच असतो. पण फीचा आकडा ऐकून निर्णय घेऊ नका, असं मी प्रत्येकाला सांगते. ती फी तिथल्या मुलाच्या वतीने कोण भरतं, त्याला ती कधी आणि कशी फेडावी लागते, आणि मिळालेली पदवी घेऊन तुम्हाला कुठे प्रॅक्टिस करता येते, या तीन गोष्टी आधी कळायला हव्यात.

चार वर्षांचा कोर्स म्हणजे काय

आपल्याकडे बारावी झाली की थेट एमबीबीएस. साडेचार वर्षं अभ्यास, एक वर्ष इंटर्नशिप. अमेरिकेत सहसा शाळेनंतर कोणी सरळ मेडिकलला जात नाही. आधी चार वर्षांची पदवी, मग एमकॅट नावाची परीक्षा, मग चार वर्षांची एमडी. तिथली एमडी म्हणजे डॉक्टरकीची पहिली पदवी, आपल्या एमबीबीएसच्या जागी असणारी. वैद्यकीय शिक्षणावरच्या १९१० च्या फ्लेक्सनर अहवालानंतर ही रचना तिकडे पक्की झाली.

ऑस्ट्रेलियात फ्लिंडर्स, सिडनी आणि क्वीन्सलँड ही विद्यापीठं १९९६-९७ च्या सुमारास पदवीधरांना घेऊ लागली. इंग्लंडमध्ये २००० पासून असे कोर्स निघाले. वॉरिकचं मेडिकल स्कूल तर फक्त पदवीधरांनाच घेतं. बाकी बऱ्याच ठिकाणी शाळेतून आलेल्यांचा पाच-सहा वर्षांचा आणि पदवीधरांचा चार वर्षांचा, असे दोन्ही कोर्स शेजारी शेजारी चालतात. आयर्लंड या वाटेने २००६-०७ मध्ये आला.

यामागचा विचार मला मनापासून पटतो. सतराव्या वर्षी ज्याला डॉक्टर व्हायचं सुचलं नाही, किंवा सुचलं पण ज्याच्या घरची परिस्थिती तेव्हा नव्हती, त्याला तेविसाव्या वर्षी दार बंद असू नये. नर्स, लॅबमध्ये काम करणारे, फार्मसी शिकलेले, संशोधनातून आलेले असे लोक डॉक्टर झाले तर रुग्णांचंही भलंच होतं. आता प्रश्न एवढाच की हे दार कोणाला परवडतं.

इंग्लंडमधलं गणित जरा बारकाईने

इंग्लंडचं उदाहरण सविस्तर घेते, कारण तिथल्या नियमांत सगळी गोम दिसते. पौंड साधारण ११५ रुपयांचा धरू.

तिथल्या रहिवासी मुलाला विद्यापीठाची फी २०२५-२६ साठी वर्षाला जास्तीत जास्त ९,५३५ पौंड, म्हणजे ११ लाखांच्या आसपास. पहिल्या पदवीला ही सगळी फी सरकारी कर्जातून भरता येते. पण तिथला सर्वसाधारण नियम असा की दुसऱ्या पदवीसाठी फीचं कर्ज मिळत नाही. मग पदवीधराने मेडिकल कसं करायचं? तर चार वर्षांच्या पदवीधर कोर्सला यातून सूट दिली आहे. पहिल्या वर्षी साधारण साडेतीन हजार पौंड खिशातून भरायचे आणि उरलेल्याचं कर्ज घ्यायचं. दुसऱ्या वर्षापासून सरकारी आरोग्यसेवा फीपैकी पावणेचार हजार पौंडांच्या आसपासचा वाटा उचलते आणि बाकीच्याचं कर्ज मिळतं.

आता तोच पदवीधर, चार वर्षांच्या कोर्सला जागा मिळाली नाही म्हणून पाच वर्षांच्या नेहमीच्या कोर्सला गेला, तर पहिली चार वर्षं फीचं कर्जच नाही. ३८ हजारांवर पौंड, म्हणजे जवळपास ४४ लाख रुपये, स्वतःच्या किंवा आईबापांच्या खिशातून. पदवी तीच, रुग्णालयं तीच, पुढची नोकरीही तीच. पण एका कोर्सला कर्ज मिळतं आणि दुसऱ्याला मिळत नाही, एवढ्यावर कोण डॉक्टर होणार हे ठरतं. साहजिकच सगळे चार वर्षांच्या कोर्सवर तुटून पडतात, तिथे एका जागेमागे अर्ज जास्त येतात, आणि ज्याच्या घरी पैसा आहे त्याच्या हातात दुसरा पर्याय राहतो. ज्याच्या घरी नाही तो पुन्हा वर्षभर थांबतो.

फेडण्याची पद्धतही समजून घ्या, कारण इथेच त्यांचं कर्ज आणि आपलं कर्ज वेगळं पडतं. तिथल्या नव्या विद्यार्थ्यांसाठी नियम असा आहे की वर्षाला २५ हजार पौंडांच्या वर जेवढं कमवाल, त्या वरच्या रकमेचे ९ टक्के कर्जफेडीत कापले जातात. समजा एखादा नवा डॉक्टर ३७ हजार पौंड कमावतो. वरचे १२ हजार, त्याचे ९ टक्के म्हणजे वर्षाला १,०८० पौंड, महिन्याला ९० पौंड. नोकरी गेली, बाळंतपणात पगार कमी झाला, तर कपातही कमी होते किंवा थांबते. ४० वर्षांनी जे उरेल ते माफ. घर तारण नाही, बापाची सही नाही.

ऑस्ट्रेलियातही सरकारी मदतीची जागा मिळाली तर विद्यार्थ्याच्या वाट्याला वर्षाला साधारण १३ हजार ऑस्ट्रेलियन डॉलर येतात आणि तेही पगारातून नंतर कापले जातात. मेलबर्नसारख्या विद्यापीठांत पदवीधर कोर्सला पूर्ण फीच्या जागाही आहेत. त्यांची फी कित्येक पटींनी जास्त असते आणि सरकारी कर्जाची मर्यादा तिला पुरत नाही. आयर्लंडमध्ये सरकार काही भार उचलतं, तरी युरोपीय विद्यार्थ्याला वर्षाला १५ हजार युरोंच्या पुढेमागे भरावे लागतात आणि या कोर्सच्या फीसाठी इंग्लंडसारखं सरकारी कर्ज नाही. त्यामुळे तिथे पदवीधर प्रवेशाची वाट कागदावर सगळ्यांना खुली असली तरी प्रत्यक्षात ज्यांच्या पाठीशी घर आहे त्यांचीच जास्त.

अमेरिकेत खासगी कॉलेजात चार वर्षांचा खर्च, राहणं-खाणं धरून, अनेक ठिकाणी ३ लाख डॉलरच्या पुढे जातो. आधी सरकारी कर्जातून पूर्ण खर्च भागवता येत असे. २०२५ च्या कायद्याने ते बदललं. १ जुलै २०२६ पासून नव्या विद्यार्थ्यांना अशा व्यावसायिक पदवीसाठी सरकारी कर्ज वर्षाला ५० हजार आणि एकूण २ लाख डॉलरपर्यंतच. वरचं खासगी बँकेकडून, आणि खासगी बँक घरची पत बघणार.

दुसरीकडे काही कॉलेजांना एवढ्या मोठ्या देणग्या मिळाल्या की त्यांनी फीच माफ केली. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीच्या मेडिकल स्कूलने २०१८ मध्ये, अल्बर्ट आइनस्टाइन कॉलेजने २०२४ मध्ये रूथ गॉट्समन यांच्या १०० कोटी डॉलरच्या देणगीवर. फी माफ केली की गरीब घरातली मुलं आपोआप वाढतील, अशी अपेक्षा होती. न्यूयॉर्कमध्ये तसं झालं नाही. फी नाही म्हटल्यावर अर्जांचा पूर आला, गुणांची चढाओढ वाढली, आणि चांगल्या शाळा, क्लास, संशोधनाचा अनुभव गाठीशी असलेली मुलंच पुढे राहिली. म्हणून फी आणि प्रवेश या दोन गोष्टी मी वेगवेगळ्या धरते. एक सुटली तरी दुसरी सुटेलच असं नाही.

बडोद्यातल्या मुलीसाठी यातलं काय उरतं

फारच थोडं. वर सांगितलेली कर्जं, सवलती, सरकारी वाटा, हे सगळं तिथल्या नागरिकांसाठी आणि कायम रहिवाशांसाठी आहे. आपली मुलगी गेली की ती परदेशी विद्यार्थी. इंग्लंडमध्ये तिची फी तिथल्या मुलाच्या तिप्पट-चौपट किंवा त्याहून जास्त, आणि चार वर्षांचा फीचाच आकडा दीड कोटी रुपयांच्या पुढे. ऑस्ट्रेलियात वर्षाला १ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरच्या आसपास, म्हणजे चार वर्षांचे दोन कोटींच्या वर. अमेरिकेतली बरीच मेडिकल स्कूलं परदेशी विद्यार्थी घेतच नाहीत, आणि जी घेतात त्यांतली काही चार वर्षांची फी आधीच एका खात्यात जमा करून दाखवायला सांगतात.

आणि समजा पैसा आहे. तरी परत येऊन इथे दवाखाना टाकायचा असेल तर एक नियम आड येतो. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने १८ नोव्हेंबर २०२१ ला परदेशी पदवीधारकांसाठी नियम काढले. त्यानुसार परदेशातला मेडिकलचा अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा. त्यानंतर त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप, शिक्षण इंग्रजीतून, त्या देशात प्रॅक्टिस करायची नोंदणी, आणि भारतात आल्यावर परीक्षा आणि पुन्हा वर्षभर इंटर्नशिप. शिवाय जाण्याआधी नीट पास असणं बंधनकारक. आता चार वर्षांचे महिने होतात ४८. गणित तिथेच अडतं. कोर्स लहान म्हणून तो आवडतो, आणि लहान म्हणूनच तो इथे अडकतो. ज्याला तिकडेच कायम राहायचं आहे त्याची गोष्ट वेगळी. पण 'शिकून परत येणार' असं सांगणाऱ्या प्रत्येकाला मी हा नियम आधी वाचायला लावते.

मध्यंतरी एक वडील आणि मुलगी आले होते. वडील मकरपुरा जीआयडीसीत सुपरवायझर, मुलगी बीएस्सी झालेली. तिने माझ्यासमोर एका एजंटचं रंगीत माहितीपत्रक ठेवलं. फिलिपिन्स, 'चार वर्षांत एमडी', वर हॉस्टेल आणि भारतीय जेवण. वडील म्हणाले, "ताई, हिची बीएस्सी झालीच आहे, म्हणजे पहिला टप्पा वाचला ना? ते तसंच म्हणतात."

फिलिपिन्समध्ये मेडिकलला जायला आधी पदवी लागते, हे खरं आहे. त्या पूर्वतयारीच्या कोर्सला तिथे बीएस म्हणतात आणि मग चार वर्षांची एमडी. आपल्या आयोगाने स्पष्ट केलं आहे की ती बीएस मेडिकलच्या अभ्यासात धरली जाणार नाही. मग उरतात चार वर्षं, आणि ५४ महिन्यांचा नियम पुन्हा समोर. याच कारणाने अनेक मुलं अर्ध्यावर अडकली. मी त्या मुलीला माहितीपत्रकात ५४ हा आकडा शोधायला सांगितलं. तिने दोन्ही बाजू नीट वाचल्या. आकडा नव्हता. परत आलेल्यांसाठी जी परीक्षा आहे तिचं नावसुद्धा नव्हतं. त्या परीक्षेत बऱ्याच सत्रांत वीस ते तीस टक्केच मुलं पास होतात. वडिलांनी माहितीपत्रकाची घडी घातली आणि विचारलं, "मग आपल्याकडे काहीच नाही का?"

आपल्याकडे काय आहे

आपल्याकडे पदवीधरांसाठी वेगळा कोर्स नाही. बीएस्सीमुळे एमबीबीएसचं एक सेमिस्टरही कमी होत नाही. बीडीएस किंवा बीएएमएसवाल्यांनाही मधल्या वर्षात प्रवेश मिळत नाही. पण पहिल्या वर्षापासून सुरू करायचं असेल तर दार उघडं आहे, आणि हे अनेक घरांत माहीतच नसतं. नीटला २५ वर्षांची वरची वयोमर्यादा होती, ती २०२२ मध्ये काढली. किती वेळा बसायचं यालाही बंधन नाही. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि ठरलेले किमान गुण असले की झालं, मग तुम्ही बीएस्सी असा की एमएस्सी.

ज्यांनी बारावीला ए ग्रुप घेतला, म्हणजे गणित घेतलं आणि बायोलॉजी नाही, त्यांनाही आता वाट आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये आयोगाने सांगितलं की बारावीनंतर बायोलॉजी जादा विषय म्हणून मान्यताप्राप्त बोर्डातून दिला तरी चालेल. वर म्हटलेल्या इंजिनीअरसाठी हे महत्त्वाचं.

स्पर्धा मात्र सोपी नाही. २०२५ मध्ये २२ लाखांवर मुलं नीटला बसली आणि देशात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आसपास. २०१३-१४ मध्ये त्या ५१ हजार होत्या, म्हणजे जागा दुपटीहून वाढल्या आहेत, हेही खरं. पण वाढलेल्या जागांतल्या कितीतरी खासगी आहेत किंवा सरकारने काढलेल्या सोसायटीच्या कॉलेजांतल्या, जास्त फीच्या. इथे पुन्हा पैशाचा प्रश्न येतो.

बडोद्याचंच घ्या. काळ्या घोड्याजवळचं सयाजी हॉस्पिटल आणि त्याला जोडलेलं १९४९ चं बडोदा मेडिकल कॉलेज. २५० जागा, सरकारी फी वर्षाला २५ हजारांच्या आसपास. साडेचार वर्षांचे सव्वा लाखाच्या आत. तिथून काही किलोमीटरवर गोत्रीला सरकारच्या सोसायटीचं कॉलेज, जीएमईआरएस. २०२४ मध्ये सरकारने तिथली फी एकदम वाढवली, पालकांनी आवाज उठवल्यावर काही कमी केली, आणि शेवटी सरकारी कोट्याला वर्षाला ३.७५ लाख आणि मॅनेजमेंट कोट्याला १२ लाख ठरली. म्हणजे साडेचार वर्षांचे १७ लाख किंवा ५४ लाख. एकच शहर, एकच नीट, अभ्यासक्रमही तोच. मेरिट लिस्टमध्ये थोडे खाली-वर झालात की सव्वा लाख, सतरा लाख आणि चोपन्न लाख यांपैकी एक आकडा तुमच्या नावावर लागतो.

आता हे कर्जाच्या भाषेत सांगते, कारण फक्त फी बघून लोक फसतात. समजा मॅनेजमेंट कोट्याची जागा घेतली आणि पूर्ण ५४ लाखांचं कर्ज दरवर्षी बारा-बारा लाखांनी आणि शेवटी सहा लाख असं काढलं. व्याज १० टक्के धरू. हप्ते साधारणपणे कोर्स संपल्यावर एक वर्षाने सुरू होतात, तोपर्यंत साडेसहा वर्षं गेलेली असतात. या काळात नुसतं सरळ व्याज धरलं तरी २५ लाखांच्या वर साचतं. म्हणजे पहिला हप्ता भरायच्या दिवशी डोक्यावर साडे एकोणऐंशी लाख. पंधरा वर्षांची फेड धरली तर महिन्याचा हप्ता ८५ हजारांच्या वर. नुकत्याच एमबीबीएस झालेल्या मुलाला पगार साठ-सत्तर हजार असला तर पूर्ण पगार देऊनही हप्ता भागत नाही. शिवाय त्याला पुढे आपल्याकडची एमडी, म्हणजे स्पेशालिस्टची पदवीही करायची असते. सरकारी कोट्याच्या जागेवर हेच गणित केलं तर हप्ता २७ हजारांच्या आत येतो. तो जड आहे, पण झेपतो. इंग्लंडमधल्या त्या नव्या डॉक्टरची महिन्याची कपात आठवा, रुपयांत साधारण दहा हजार.

पदवीनंतर येणाऱ्या मुलांची एक वेगळी अडचण आहे आणि ती फीच्या कुठल्याच तक्त्यात दिसत नाही. बारावीनंतरच्या मुलाचे वडील साधारण अठ्ठेचाळीसचे असतात. बीएस्सीनंतर एक-दोन वर्षं नीटची तयारी करून आलेल्याचे बावन्न-त्रेपन्नचे. कर्जावर सहअर्जदार म्हणून त्यांची सही लागते. हप्ते सुरू व्हायच्या वेळी ते साठीला टेकलेले, निवृत्त. बँक त्यांचं उरलेलं नोकरीचं आयुष्य बघते. त्यामुळे जी रक्कम धाकट्या मुलाला सहज मंजूर झाली असती ती मोठ्या मुलाला अडते.

मग येतं तारण. साधारण साडेसात लाखांपर्यंत तारण मागितलं जात नाही. पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांना तारणाशिवाय कर्ज मिळतं, आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सूटही आहे. त्यावर गेलात की बहुतेक वेळा घर. आपल्या मराठी घरांचं घोडं इथेच अडतं. दांडिया बाजारातला, वाडीतला वडिलोपार्जित वाडा असतो, बाजारभावाने त्याची किंमत कोटीत असते, पण प्रॉपर्टी कार्डावर अजून आजोबांचं नाव. त्यांना चार मुलगे, त्यातला एक पुण्यात, एक अमेरिकेत, एक गेलेला आणि त्याची मुलं कुठे आहेत ते शोधायचं. सगळ्यांची संमती असल्याशिवाय तो वाडा गहाण ठेवता येत नाही. मी अशी फाइल बघते तेव्हा मला वाईट वाटतं, कारण मुलगी हुशार आहे, सरकारी कोट्याची जागा मिळालेली आहे, आणि घर असूनही घर कामाला येत नाही.

मदत, आणि तिच्या बदल्यात काय

गुजरातमध्ये दोन योजना विचारून घ्याव्यात. मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजनेत मेडिकलच्या फीत निम्म्यापर्यंत, वर्षाला २ लाखांच्या मर्यादेत मदत मिळते. मुलींसाठी मुख्यमंत्री कन्या केळवणी निधी आहे. दोन्हींना कुटुंबाचं उत्पन्न ६ लाखांच्या आत लागतं. पदवी करून मग प्रवेश घेणाऱ्यांनी बारावीच्या वर्षाबद्दलची आणि मधल्या खंडाबद्दलची अट फॉर्म भरण्याआधी हेल्प सेंटरला जाऊन नीट विचारून घ्यावी. बारावीनंतरच्या मुलांकडून ऐकलेली माहिती आपल्याला जशीच्या तशी लागू पडेल असं धरू नये.

आणि बाँड. सरकारी आणि जीएमईआरएस कॉलेजातून झालेल्यांना गुजरातमध्ये एक वर्ष ग्रामीण सेवा द्यावी लागते. नाही दिली तर २० लाख. २०१९ पूर्वी ही रक्कम ५ लाख होती. काही पालक याला जाच म्हणतात. मला तसं वाटत नाही. वर्षाला २५ हजारांच्या फीत डॉक्टर घडवण्याचा बाकीचा खर्च लोकांनी केलेला असतो, आणि एक वर्ष ही त्याची फार मोठी परतफेड नाही.

पदवीधराला पुढच्या शिक्षणाचे पैसे द्यायचे आणि बदल्यात सेवा घ्यायची, ही पद्धत बडोद्याला नवी नाही. १९१३ मध्ये सयाजीराव महाराजांच्या संस्थानाने बी.ए. झालेल्या भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकायला तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली, महिन्याला साडेअकरा पौंड, आणि परत आल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी करायचा करार केला. ते १९१७ मध्ये करार पाळायला बडोद्यात आले तेव्हा या शहरात त्यांना जातीमुळे राहायला जागा मिळाली नाही आणि ते निघून गेले. प्रवेशाबद्दल बोलताना मला हा भाग सोडून देता येत नाही. फीची सोय झाली होती, पदवी मिळाली होती, नोकरीही होती.

आपल्याकडे असा कोर्स असावा का

असावा, असं मला वाटतं, पण घाईने नाही. आपल्याकडे याच्या जवळचं काहीतरी होऊन गेलं आहे. स्वातंत्र्याआधी एलएमपीसारखी लहान मुदतीची पात्रता घेतलेले डॉक्टर गावोगावी होते. आरोग्यव्यवस्थेसाठी नेमलेल्या भोर समितीने १९४६ मध्ये एकच एमबीबीएस ठेवायचं सुचवलं आणि पुढे या जुन्या डॉक्टरांसाठी कमी मुदतीचे एमबीबीएसचे खास वर्ग चालवले गेले. म्हणजे आधी शिकलेलं धरून पुढचं शिकवणं आपल्या व्यवस्थेला अगदीच परकं नाही.

दहा वर्षं अतिदक्षता विभागात काम केलेली नर्स किंवा फिजिओथेरपिस्ट यांच्यासाठी सरकारी कॉलेजांत थोड्या जागा, पूर्ण लांबीचा क्लिनिकल अभ्यास आणि ग्रामीण सेवेचा बाँड, अशी सुरुवात करता येईल. पण फेडीची पद्धत आधी बदलायला हवी. उत्पन्नावर कापलं जाणारं कर्ज नसताना नवा कोर्स काढला तर त्या जागा मॅनेजमेंट कोट्यासारख्याच विकल्या जातील, आणि वयाने मोठ्या, घरची जबाबदारी असलेल्या ज्या लोकांसाठी तो काढायचा, तेच बाहेर राहतील.

तोवर, ज्यांना आहे त्या वाटेने जायचं आहे त्यांच्यासाठी कामाची गोष्ट. नीट बहुधा मेच्या पहिल्या रविवारी असते आणि फॉर्म त्याआधी काही महिने सुटतो. फॉर्म भरला त्याच आठवड्यात मामलतदार कचेरीतून उत्पन्नाचा दाखला काढायला द्या, डोमिसाइल आणि जातीचा दाखला तपासा, आणि बँकेत या. निकाल लागायची वाट बघू नका. घराच्या कार्डावर कोणाचं नाव आहे ते आम्ही पाच मिनिटांत सांगू शकतो. वारसांची नावं चढवायला आणि भावंडांकडून हक्कसोड लिहून घ्यायला मात्र कित्येक महिने जातात, आणि कौन्सेलिंगमध्ये जागा लागल्यावर फी भरायला हातात मोजके दिवस असतात.